पेटीत मावणारं शहर

मानखुर्द मागे पडलं की हार्बर लाईनची गाडी ठाणे खाडीवर येते. खाली गाळाचं करडं पाणी, कडेला खारफुटी, शेजारी रस्त्याचे पूल. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत या खाडीत रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरलेले असतात आणि त्यांच्या मागे विजेच्या तारांचे मनोरे उभे दिसतात. १९९२ साली ही रेल्वे खाडी ओलांडून वाशीला पोहोचली आणि मुंबईकरांच्या मनातलं 'पलीकडचं' गाव एकदम आवाक्यात आलं. पुलावर माझं लक्ष दरवेळी खिडकीकडे जातं. पक्षी, मनोरे, पाणी आणि तारा यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, पण खिडकीच्या चौकटीत ते शेजारी येतात आणि पाहणाऱ्याच्या मनात त्यांचं नातं जुळायला लागतं.

नवी मुंबईत या खेपेला मी गेले ती याच नात्याच्या शोधात. टाकून दिलेल्या वस्तू एका पेटीत मांडायच्या आणि त्यातून स्वप्नासारखं एक जग उभं करायचं, ही कला मला गेली काही वर्षं झपाटून आहे. पाश्चात्त्य कलेच्या इतिहासात तिला 'असेम्ब्लाज' म्हणतात आणि तिचं एक मूळ अतिवास्तववादी चळवळीत शोधतात. या कलेला लागणारा सगळा माल नवी मुंबईत रस्त्यावर पडलेला आहे, असं मला बरेच दिवस वाटत होतं. तो स्वतः हिंडून गोळा करायचा, पेटीसुद्धा याच शहरातली घ्यायची आणि काय तयार होतं ते पाहायचं, असं ठरवून निघाले. मुक्काम बेलापूरला मैत्रिणीकडे होता.

या कलेचा सर्वांत मोठा साधक न्यूयॉर्कचा जोसेफ कॉर्नेल. १९०३ साली जन्मलेला हा माणूस कोणत्याही कलाशाळेत शिकला नाही. कापडाच्या व्यवसायात फिरता विक्रेता म्हणून तो काम करायचा आणि कामाच्या मधल्या वेळेत मॅनहॅटनमधली जुन्या पुस्तकांची, जुन्या वस्तूंची दुकानं पालथी घालायचा. १९२९पासून मरेपर्यंत तो क्वीन्स भागातल्या एका साध्या घरात राहिला. रस्त्याचं नाव युटोपिया पार्कवे. घरात आई आणि सेरेब्रल पाल्सीमुळे परावलंबी असलेला धाकटा भाऊ रॉबर्ट. कॉर्नेलने युरोप कधीच पाहिला नाही. पण त्याच्या पेट्यांत पॅरिसची हॉटेलं आहेत, इटलीच्या राजपुत्रांची चित्रं आहेत, दूरच्या आकाशांचे नकाशे आहेत. मातीच्या चिलमी, काचेच्या गोट्या, दारूचे छोटे पेले, घड्याळाच्या स्प्रिंगा, पोपटांची कापलेली चित्रं असा सगळा किरकोळ माल तो वापरायचा. लाकडी खोका, त्याला पुढून काच आणि आत पांढरा रंग. तो रंग जुना दिसावा म्हणून थरावर थर द्यायचा आणि पेटी स्वयंपाकघरातल्या भट्टीत तापवायचा, असं त्याचे चरित्रकार सांगतात. १९३६ साली त्याची साबणाच्या फुग्यांवरची पेटी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातल्या अतिवास्तववादाच्या गाजलेल्या प्रदर्शनात लागली. घर न सोडता एवढा मोठा प्रवास करणारा दुसरा कलावंत मला माहीत नाही.

वाशीला उतरून मी सरळ कृषी उत्पन्न बाजार समितीच्या फळबाजारात गेले. पेटी म्हटल्यावर कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा जी येते, ती इथे लाखांनी उतरते. आंब्याचा हंगाम जोरात होता. देवगडचा, रत्नागिरीचा, रायगडचा माल गाळ्यागाळ्यांतून लागलेला, हवेत पेंढ्याचा आणि पिकत्या हापूसचा वास, मधूनच हातगाडीवाल्याची 'बाजू, बाजू' अशी आरोळी. माथाडी कामगार पाठीवरून पेट्या वाहत होते. हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या, चार कोपऱ्यांना आधाराच्या पट्ट्या, वर खिळ्यांनी ठोकलेलं झाकण आणि कडेला शाईने किंवा स्टेन्सिलने उमटवलेलं बागायतदाराचं नाव. आता पुठ्ठ्याचे खोके बरेच आले आहेत, तरी लाकडी पेटी अजून टिकून आहे. तिच्या फळ्यांमध्ये बोटभर फटी ठेवलेल्या असतात, कारण आंबा आत पिकत असतो आणि त्याला हवा लागते. कॉर्नेलच्या पेटीला पुढून काच असते, आपल्या पेटीला बाजूंनी श्वास असतो. माझ्या कामाला हा फरक मोलाचा होता. फटींतून आत पट्ट्यापट्ट्यांचा उजेड येणार होता आणि दिवस सरकेल तसा तो आतल्या वस्तूंवरून सरकणार होता.

गाळ्याच्या मागे रिकाम्या पेट्यांची उतरंड लागली होती. तिथे बसलेल्या साताऱ्याकडच्या एका माथाडी दादांना मी एक पेटी मागितली.

"ताई, मोकळी पेटी कशाला? भरलेली न्या की," ते म्हणाले.

मी काय करणार आहे ते सांगितल्यावर त्यांनी उतरंडीतली वरची पेटी बाजूला सारली आणि खालची एक ओढून काढली. "ही घ्या. हिच्या फळ्या फाटल्या न्हाईत. वरची पावसात भिजल्याली हाय." मग दोन्ही बाजूंना दाबून तिचे सांधे तपासले, सुटलेला एक खिळा दगडाने ठोकला आणि पैसे घ्यायला नकार दिला. लाकडाचा माल हाताळणाऱ्या माणसाची नजर कशी असते, ते त्या दोन मिनिटांत दिसलं. कलेच्या शाळेत साहित्याची निवड शिकवतात, ती हीच.

वाशीहून तुर्भ्याकडे जाताना शहराचा चेहरा बदलतो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने औद्योगिक वसाहत पसरली आहे. सिडकोची स्थापना १९७०ची, पण या पट्ट्यात कारखाने त्याच्या आधीपासून आहेत. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकात मांडली, तेव्हा हे कारखानेही जमेची बाजू होते. आता त्यातले कित्येक बंद पडलेत, त्यांच्या जागी माहिती तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती आल्यात. जुन्या कारखान्यांतलं, कार्यालयांतलं आणि घरांतलं निघालेलं सगळं सामान भंगाराच्या गोदामांत येऊन पडतं.

भंगाराच्या गोदामात पाऊल टाकलं की पहिल्यांदा शिस्त दिसते. बाहेरून पाहणाऱ्याला तो ढीग वाटतो, पण तांबं एकीकडे, पितळ एकीकडे, ॲल्युमिनियम, बीड, पत्रा, प्लास्टिक, पुठ्ठा प्रत्येकाची जागा ठरलेली असते. पंख्याची मोटर फोडून आतली तांब्याची तार वेगळी करणारा मुलगा शेजारी बसलेला असतो. काट्यावर वजन होतं आणि वस्तूचं नाव पुसलं जातं. शिलाई मशीन आलं की ते बिडाचे इतके किलो होतं. कुणाच्या आजीने त्यावर पोरींची झबली शिवली, हे काट्याला कळत नाही आणि कळायचं कारणही नाही.

अतिवास्तववाद्यांना नेमकी हीच जागा प्रिय होती. आंद्रे ब्रेतॉंने १९२४ साली पॅरिसमध्ये चळवळीचा जाहीरनामा लिहिला. त्याचा विश्वास असा होता की रोजच्या हिशेबी मनाच्या खाली स्वप्नांचं दुसरं मन असतं, आणि अचानक समोर आलेली एखादी वस्तू त्याचं दार उघडते. शिल्पकार जाकोमेत्तीला घेऊन तो पॅरिसच्या वेशीवरच्या जुन्या बाजारात भटकला, त्याचं वर्णन त्याने करून ठेवलं आहे. जाकोमेत्तीला तिथे धातूचा एक मुखवटा सापडला आणि ब्रेतॉंला एक लाकडी चमचा, ज्याच्या दांड्याखाली छोटासा बूट कोरलेला होता. त्या वस्तू कशासाठी आहेत हे दोघांनाही माहीत नव्हतं, पण त्या सोडून पुढे जाणं त्यांना जमेना. मुंबईत भेंडीबाजाराजवळच्या चोर बाजारात हिंडलेल्या माणसाला ही ओढ समजावून सांगावी लागत नाही. मुंबईचे शिल्पकार सुदर्शन शेट्टी जुन्या घरांतून निघालेलं लाकूड आणि जुन्या बाजारातल्या वस्तू वापरून काम करतात, तेव्हा त्या वस्तूंच्या अंगावरचा काळही कलाकृतीत येतो.

तुर्भ्याच्या गोदामात मी अर्थ शोधत नव्हते. ज्या वस्तूपाशी हात थांबेल ती उचलायची, एवढंच ठरवलं होतं. भिंतीवरच्या घड्याळातलं एक पितळी चाक, त्याचे दोन दात झिजलेले. प्लास्टिकच्या बाहुलीचा खांद्यापासून निखळलेला हात. दारावरच्या बेलची पांढरी कळ, मधे बोटाने घासून पिवळी पडलेली. चष्म्याची एक जाड काच. गोदामवाल्याने चाक पितळाच्या भावाने काट्यावर टाकलं आणि बाकीच्या वस्तू तशाच हातावर ठेवल्या. त्याच्या लेखी त्यांना वजन नव्हतं.

संध्याकाळी बेलापूर. स्टेशनपासून पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याकडे गेलं की 'आर्टिस्ट व्हिलेज' लागतं. नाव ऐकून चित्रकारांची वसाहत वाटते, आणि मूळ बेत तसाच होता. १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी चार्ल्स कोरियांनी ही वसाहत रचली. सुमारे सहा हेक्टर जागा. सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, अशा तीन अंगणांची एकवीस घरं मिळून मोठं अंगण, असे तीन गट आणखी मोठ्या मोकळ्या जागेभोवती, आणि हे सगळं मिळून वाडी. कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, कारण प्रत्येक कुटुंबाला आपलं घर वाढवता आलं पाहिजे, असा कोरियांचा आग्रह होता. श्रीमंताचा आणि गरिबाचा प्लॉट साधारण सारखाच राहावा, हाही त्यामागचा विचार. उतरती कौलारू छपरं, साध्या भिंती आणि मधून वाहणारा ओढा.

आज या वसाहतीत हिंडलं की कोरियांची घरं शोधावी लागतात. बहुतेक कुटुंबांनी घरं पाडून सिमेंटची बांधली, मजले चढवले, बाल्कन्या काढल्या. वास्तुकलेचे विद्यार्थी लांबून येतात आणि मूळ घर दिसलं की थांबून फोटो काढतात. कोणी हळहळतं. मला मात्र इथे कोरियांच्या रचनेचा जय दिसला. घरं बदलली, पण अंगणं टिकली. सात दारं अजूनही एकाच चौकात उघडतात. तिथे मुलं क्रिकेट खेळत होती, एका ओट्यावर बायका लसूण सोलत बसल्या होत्या, दुसऱ्यावर कोणीतरी स्कूटरचा प्लग घासत होतं. रचनाकाराने मोकळी जागा नीट ठरवली की आतल्या वस्तू कितीही बदलल्या तरी मांडणी मोडत नाही. पेटीकलेचा हा पहिला नियम आहे आणि तो मला पुस्तकात न सापडता बेलापूरच्या चौकात सापडला. कॉर्नेलच्या उत्तम पेट्यांत अर्ध्याहून जास्त जागा रिकामी असते.

मैत्रिणीच्या गल्लीत एक जुनं घर उतरवण्याचं काम चाललं होतं. कडेला मंगलोरी कौलांचा ढीग होता. मुकादमाला विचारून मी एक फुटकं कौल घेतलं. त्याच्या पाठीवर कारखान्याच्या ठशाची अर्धी अक्षरं उरली होती.

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सगळा माल मांडला. मैत्रिणीची सासू कडेला बसून पाहत होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "हा तुमचा देव्हाराच झाला की." तिचं निरीक्षण मला फार खोल वाटलं. आपल्या घरातल्या देव्हाऱ्यात गंडकीच्या पात्रातला शाळीग्राम असतो, समुद्रातला शंख असतो, पूर्वजांचे चांदीचे टाक असतात, तीर्थाहून आणलेला गंगेचा तांब्याचा गडू असतो, कुठल्याशा जत्रेतली पितळी घंटा असते. लांबलांबच्या जागांहून आलेल्या, एकमेकांशी आकाराने, धातूने न जुळणाऱ्या वस्तू एका लाकडी चौकटीत बसतात आणि रोजच्या हाताळण्याने एकत्र होतात. बडोद्याचे गुलाम मोहम्मद शेख यांनी राजस्थानच्या कावड परंपरेतली दारं-पाखं उघडणारी देवांची पेटी घेऊन २००८ साली 'कावड' नावाची मोठी कलाकृती केली, तेव्हा त्यांनी हाच वारसा ओळखला होता. पेटीत जग मांडण्याची ही दृष्टी आपल्याला परकी नाही. घरात ती आहेच, फक्त कला म्हणून तिच्याकडे पाहायची सवय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेलापूरहून उरणची लोकल पकडली. जानेवारी २०२४मध्ये ही गाडी उरणपर्यंत धावू लागली. तरघर, बामणडोंगरी, खारकोपर, गव्हाण अशी स्टेशनं मागे पडतात आणि विमानतळासाठी भराव घातलेली सपाट जमीन दिसते. ऑक्टोबर २०२५मध्ये या विमानतळाचं उद्घाटन झालं. इथे गावं होती, भातशेती होती, उलव्याची टेकडी होती. पुढे न्हावा शेवा आलं की दोन्ही बाजूंना कंटेनर. लाल, निळे, हिरवे, करडे, चार-पाच एकमेकांवर रचलेले, त्यांच्या अंगावर जगभरच्या जहाज कंपन्यांची नावं. १९८९ साली इथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं आणि आज ते देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे.

एक योगायोग मला तिथे आठवला. आधुनिक कंटेनर वाहतुकीची सुरुवात करणारं जहाज २६ एप्रिल १९५६ रोजी न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क बंदरातून ५८ कंटेनर घेऊन निघालं. त्या दिवसांत त्याच महानगराच्या दुसऱ्या टोकाला कॉर्नेल आपल्या तळघरात 'हॉटेल' मालिकेतल्या पेट्या करत होता. एका पेटीने जगाचा व्यापार बदलला. तिच्यात काय आहे हे बाहेरच्याला दिसू नये, ती सीलबंद राहावी आणि दुसऱ्या पेटीसारखीच असावी, यात तिचं सारं सामर्थ्य आहे. कॉर्नेलच्या पेटीचं सामर्थ्य याच्या उलट आहे. तिला पुढून काच आहे, तिच्यासारखी दुसरी नाही, आणि ती कुठेच पोहोचवायची नाही. नवी मुंबई पहिल्या प्रकारच्या पेट्यांवर जगते. दुसऱ्या प्रकारच्या पेटीची तिला म्हणूनच गरज आहे. रस्त्याच्या कडेला कंटेनरचं तोडलेलं सील पडलं होतं, धातूचा जाड खिळा आणि त्यावर कोरलेला क्रमांक. ते मी खिशात टाकलं.

उरणहून रिक्षाने करंजा गाठलं. कोळीवाड्याच्या धक्क्याला होड्या लागल्या होत्या, कडेला जाळी दुरुस्त करण्याचं काम चालू होतं. एका मावशींच्या पाटीत जुन्या जाळ्याचे तुकडे, बोये आणि शिसं पडलेलं दिसलं. मी एक बोया मागितला.

"घेऊन जा गो बाय. याचा आता काय करायचा?" असं म्हणत त्यांनी बोयाबरोबर शिशाचा एक तुकडाही हातात ठेवला. एकाने जाळं वर धरायचं, दुसऱ्याने खाली ओढायचं. त्या दोघांना वेगळं करणं त्यांना पटलं नसावं.

करंजाच्या धक्क्यावरून खाडीपलीकडे रेवस दिसतं. तिथून पुढे अलिबाग आणि अलिबागजवळ नागाव. चित्रकार प्रभाकर बरवे यांचा जन्म १९३६ साली या नागावात झाला. जे.जे. कला महाविद्यालयातून शिकून ते विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले, काही वर्षं वाराणसीला राहिले आणि पुढे मुंबईत त्यांनी भारतीय चित्रकलेतलं एक अगदी वेगळं जग उभं केलं. त्यांच्या चित्रात एखादं पान असतं, एखादं फळ, एखादं घड्याळ, ढगाचा एक आकार. एनॅमल रंगातल्या सपाट, शांत अवकाशात या वस्तू एकमेकींपासून अंतर राखून थांबलेल्या असतात. त्यांची सावली कधी दुसऱ्याच वस्तूच्या आकाराची होते. चित्र पाहताना वाटतं की वस्तू आपापल्या कामातून सुटून एकमेकींकडे पाहू लागल्या आहेत. आपल्या विचारांची उकल त्यांनी 'कोरा कॅनव्हास' या मराठी पुस्तकात केली. ते १९९० साली आलं, आणि १९९५मध्ये बरवे गेले. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्याच्या इंग्रजी नावाचा आशय होता, रिकाम्या पेटीच्या आत. बरव्यांनी कॉर्नेलसारख्या पेट्या केल्या नाहीत, पण वस्तूंमधलं रिकामं अंतर बोलतं करण्याची विद्या दोघांची एकच. मराठी माणसाला अतिवास्तववाद समजून घ्यायचा असेल तर पॅरिसपेक्षा नागावचा रस्ता जवळचा आहे.

बेलापूरला परतून मी पेटी बांधायला घेतली. आतून चुन्याची पुट्टी दोनदा फिरवली. कौलाचा तुकडा तळाशी टेकवला, अर्धी अक्षरं पुढे करून. घड्याळाचं चाक वरच्या फळीला बारीक तारेने टांगलं. बोया आणि शिसं एकाच दोऱ्यात ठेवलं. बाहुलीचा हात मागच्या फळीतून आत आला आणि त्याचं बोट बेलच्या कळीपासून थोडं अलीकडे थांबलं. कंटेनरचं सील आधी मधोमध लावलं होतं, पण ते सगळ्यांवर हुकूम चालवू लागलं, म्हणून कोपऱ्यात नेलं. चष्म्याची काच पुढच्या फटीत बसवली. तिच्यातून पाहिलं की कौल जवळ येतं आणि चाक धूसर होतं. वस्तू गोंदाने लगेच चिकटवू नयेत, हे मी अनुभवाने शिकले आहे. काही काळ त्यांना नुसतं शेजारी राहू द्यावं. जी वस्तू खोटी बोलते ती रोज पाहताना आपोआप खटकते आणि बाहेर येते.

काम करताना एक प्रश्न मात्र सुटेना. अतिवास्तववाद्यांना वस्तूचं मूळ पुसलं गेलेलं आवडायचं. मालक नाही, काम नाही, म्हणून ती स्वप्नात शिरायला मोकळी. पण नवी मुंबईत मूळ पुसण्याचं काम आधीच खूप झालं आहे. हे शहर ९५ गावांच्या जमिनींवर उभं आहे. आगरी-कोळ्यांची शेतं, मिठागरं, खाजणं यांवर सेक्टरांचे आकडे पडले. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, आणि जानेवारी १९८४मध्ये जासई-नवघर परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. अशा जमिनीवर सापडलेल्या वस्तूचं मूळ पुसून तिचं नुसतं सुंदर कोडं करणं मला मान्य होईना.

वाट दाखवली ती घाटकोपरचे चित्रकार अतुल डोडिया यांच्या कामाने. पोरबंदरच्या कीर्ती मंदिरात गांधीजींच्या वस्तू ठेवलेली साधी लाकडी कपाटं पाहून त्यांनी 'ब्रोकन ब्रँचेस' ही कलाकृती केली. काचेची दारं असलेली नऊ कपाटं आणि त्यांत फोटो, अवजारं, हाडं, कृत्रिम हातपाय. २००२च्या गुजरातमधल्या हिंसाचाराची जखम त्या कपाटांत आहे. २०१९ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात भारताच्या दालनात ती जगाने पाहिली. तिथे प्रत्येक वस्तू विचित्र आहे, स्वप्नासारखी आहे, आणि तरी कुठून आली ते विसरू देत नाही. पुण्याच्या शुक्रवार पेठेत दिनकर केळकरांनी सात वर्षांचा असताना गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीसाठी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, कुलुपं, दौती जमवल्या आणि वीस हजारांवर वस्तूंचा तो संग्रह महाराष्ट्राला देऊन टाकला. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसालाही माहीत होतं की वस्तू जपली की माणूस जपला जातो.

म्हणून मी पेटीच्या मागच्या फळीवर पेन्सिलने प्रत्येक वस्तूचं गाव लिहिलं: वाशी, तुर्भे, बेलापूर, न्हावा शेवा, करंजा. पुढून पाहणाऱ्याला स्वप्न दिसावं आणि पेटी फिरवणाऱ्याला पत्ता मिळावा. या शहरातल्या पेटीकलेला दोन्ही बाजू हव्यात, असं माझं या प्रवासानंतरचं ठाम मत आहे.

१९७२ साली, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, कॉर्नेलने न्यूयॉर्कच्या कूपर युनियन संस्थेत खास मुलांसाठी प्रदर्शन भरवलं. पेट्या मुलांच्या नजरेच्या उंचीवर, खाली लावल्या होत्या आणि खाऊही मुलांच्या आवडीचा ठेवला होता. असं एक दालन नवी मुंबईत व्हायला हवं. त्याला मोठी इमारत लागत नाही. महापालिकेच्या एखाद्या शाळेतला वर्ग पुरेल, किंवा आर्टिस्ट व्हिलेजमधलं एखादं अंगण, जिथे ते नाव अजून सार्थ ठरेल. बाजारातल्या रिकाम्या पेट्या, गोदामातल्या बिनवजनाच्या वस्तू, गावठाणांतल्या माळ्यांवर धूळ खात पडलेलं सामान आणि शाळेतली मुलं, एवढं भांडवल या शहराकडे आजच आहे.

तोवर वाचकांना माझी एक विनंती आहे. घर बदलताना, जुनं घर पाडताना, आजी-आजोबांची खोली रिकामी करताना भंगारवाल्याला बोलवाल, तेव्हा काट्यावर टाकण्याआधी एक वस्तू बाजूला काढा. ती कोणाची, कुठल्या गावातली, कशासाठी वापरली, हे चिठ्ठीवर लिहून तिच्याबरोबर ठेवा. मग आंब्याची एक रिकामी पेटी घ्या आणि घरातल्या मुलांना सांगा की हिच्या शेजारी दुसरी कोणती वस्तू ठेवायची ते तुम्ही ठरवा.